तोंडातला पूल

जळगावहून धुळ्याच्या एस.टी.त बसलं, की शहर मागं पडतं न पडतं तोच बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागतो. धुळ्यात उतरलं, की पांझरेवरचे पूल. भुसावळच्या मुलांना तर तापीच्या पुलावरून धडधडत जाणारी रेल्वे रोजचीच. पूल कशाचे बांधतात, हे तुम्ही एका दमात सांगाल. दगडाचे, लोखंडाचे, सिमेंटचे!

आता एक कोडं. एक पूल आहे जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचा. तो चोवीस तास ओला असतो. सकाळी त्याच्यावरून वाफाळता चहा जातो, दुपारी थंडगार ताक. दिवसातून शेकडो वेळा त्याच्यावर भार पडतो. मोठ्या माणसाच्या दाढा जोरात चावतात तेव्हा हा भार ५० ते ७० किलोपर्यंतही जातो, म्हणजे अख्खा एक माणूस पुलावर उभा राहिल्यासारखा! सांगा पाहू, हा पूल कुठं असतो?

अहो, तुमच्या आजोबांच्या तोंडात! पडलेल्या दाताच्या जागी, शेजारच्या दोन दातांच्या आधारानं पक्का बसवलेला खोटा दात म्हणजे 'ब्रिज'. ब्रिज म्हणजे पूलच. दोन्ही बाजूंचे दात हे त्याचे खांब. त्यांच्यावर टोप्या बसतात आणि त्या टोप्यांना जोडलेला खोटा दात मधल्या रिकाम्या जागेत येतो. कवळीसारखा तो रात्री काढून वाटीत ठेवायचा नसतो.

हा इवलासा पूल कशाचा करायचा, हे कोडं माणूस अडीच हजारांहून अधिक वर्षं सोडवतो आहे.

रिकामी जागा रिकामी राहत नाही

पण एक दात गेला तर एवढं काय बिघडलं? बाकीचे आहेतच की! असं पुष्कळांना वाटतं.

भरलेल्या एस.टी.त तिघांच्या बाकावरचा मधला माणूस उतरला तर काय होतं? दोन्ही बाजूंचे हळूहळू ऐसपैस होतात, कलंडतात. दातांचंही तसंच. मधला दात गेला की शेजारचे दात त्या फटीकडं झुकू लागतात. आणि गंमत म्हणजे, समोरच्या जबड्यातला जो दात त्याच्यावर टेकत होता, तोही आधार गेल्यामुळं आपल्या जागेवरून पुढं सरकू लागतो. मग घास नीट चावला जात नाही, वाकड्या फटींत अन्न अडकतं, कीड लागते आणि एकाच्या पाठोपाठ दुसरा दात जातो. जागा धरून ठेवणं, हे पुलाचं मोठं काम आहे. दिसायला छान, हे त्याच्या नंतर.

सराफाची मूस, दंतवैद्याची मूस

कर्णाच्या दानशूरपणाची लोककथा तुम्ही ऐकली असेल. रणांगणावर जखमी होऊन पडलेला असतानाही त्यानं याचकाला आपला सोन्याचा दात काढून दिला, अशी ती कथा. आता ही झाली कथा. पण सोनं आणि दात यांची जोडी खरोखरच फार जुनी आहे. इटलीत इट्रुस्कन नावाचे लोक राहत असत. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ते सोन्याच्या पातळ पट्ट्यांनी दात एकमेकांना बांधत आणि मधल्या जागेत दुसरा दात बसवत. जगातले हे सगळ्यात जुन्यांपैकी 'ब्रिज'!

सोनंच का? जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. तिथल्या सराफ बाजारातल्या कुणालाही विचारा. सोनं गंजत नाही, काळं पडत नाही, आंबट-खारट पदार्थांनी त्याला काही होत नाही. कायम लाळेत भिजणाऱ्या वस्तूला याहून चांगला गुण कोणता?

पण २४ कॅरटचं शुद्ध सोनं फार मऊ. म्हणून सराफ दागिन्यासाठी त्यात तांबं, चांदी मिसळतात. २२ कॅरटच्या दागिन्यात हजार भागांतले ९१६ भाग सोनं असतं. दातांचं सोनंही असंच मिश्रणाचं असतं. त्यात तांबं-चांदीबरोबर पॅलेडियम किंवा प्लॅटिनमही घालतात.

आणि पूल घडवायची रीतसुद्धा सोनाराच्या ओतकामाचीच! दंतवैद्य तोंडाचं माप घेतात. त्यावरून दातांची प्रतिकृती तयार होते. तिच्यावर मेणाचा पूल घडवतात. मग त्या मेणाभोवती उष्णता सोसणारं लुकण ओतून साचा करतात आणि भट्टीत तापवतात. मेण वितळून जळून जातं, आत तंतोतंत पुलाच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात वितळलेला धातू शिरतो. मोहेंजोदडोची प्रसिद्ध नर्तकी याच रीतीनं ओतली गेली. अमेरिकेतले दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ साली ही रीत दातांच्या कामात रूढ केली.

यात एक अडचण आहे. धातू थंड होताना आकसतो. सोन्याचं मिश्रण शेकडा दीड भागाच्या आसपास आकसतं. वाचताना हे किरकोळ वाटतं. पण तेवढ्यानंही टोपी दातावर घट्ट होईल, बसणारच नाही. मग उपाय? साच्याचं लुकणच असं निवडतात, की ते तापल्यावर साधारण तेवढंच फुगेल. आकसणं आणि फुगणं यांची फिटंफाट!

सोन्याचा आणखी एक गुण दंतवैद्यांना फार आवडतो. ते समोरच्या दाताला झिजवत नाही. झिजायची वेळ आलीच तर स्वतः थोडं झिजतं. हा शेजारधर्म लक्षात ठेवा, पुढं पुन्हा लागणार आहे.

मग आज सगळ्यांच्या तोंडात सोनं का नाही? एक तर ते पिवळं दिसतं. दुसरं कारण तुमच्या बाबांना विचारा. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या पुढं गेला!

वॉशिंग्टनची कवळी

सोनं परवडत नसे किंवा दात पांढरा हवा असे, तेव्हा लोक काय करत? हत्ती आणि पाणघोडा यांच्या दातांपासून खोटे दात कोरत. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती, असं सांगतात. पण ते खोटं आहे. त्यांच्या कवळ्यांमध्ये पाणघोड्याचा दात, माणसांचे दात आणि धातू वापरले होते. हस्तिदंत असो की पाणघोड्याचा दात, तोंडात राहून त्याला डाग पडत, तो कुजे, घाण वास येई. थोडक्यात, पांढरा रंग मिळाला, पण टिकाऊपणा गेला.

१७८९ हे साल विसरू नका. त्याच साली जर्मनीत एक शोध लागला होता. त्याचा दाताशी संबंध यायला पुढं दोनशे वर्षं लागली. तिकडं वळण्याआधी जरा स्वयंपाकघरात डोकावू.

इनॅमलची थाळी

आजीच्या फडताळात इनॅमलची पांढरी थाळी आहे का? निळ्या काठाची? ती दिसते चिनी मातीसारखी, पण हातातून पडली तर फुटत नाही. फार तर टवका उडतो आणि आतलं काळं लोखंड दिसतं. पत्र्यावर काचेचा थर भाजून चढवलेला असतो. सराफांकडच्या दागिन्यांवरचं मीनाकाम हेही तसंच, सोन्यावर भाजलेली रंगीत काच.

दंतवैद्यांनी हीच युक्ती उचलली. आत धातूचा सांगाडा आणि वर दाताच्या रंगाचं पोर्सेलिन, म्हणजे भट्टीत भाजलेली काचेसारखी चिनी माती. भार सोसायला धातू, दिसायला पोर्सेलिन. ऐकायला सोपं, पण भाजून बाहेर काढलं की पोर्सेलिनला तडे जात. कारण दोघांचं आकसण्याचं प्रमाण निराळं. थंड काचेच्या पेल्यात एकदम उकळता चहा ओतला तर तो तडकतो ना? आतला भाग फुगतो, बाहेरचा फुगत नाही, आणि ओढाताणीत काच हरते.

अमेरिकेत १९६२ साली या कोड्याच्या उत्तरावर पेटंट मिळालं. पोर्सेलिनमध्ये ल्यूसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक ठेवले, तर ते जवळजवळ धातूइतकंच आकसतं. 'जवळजवळ' हा शब्द महत्त्वाचा! धातू किंचित जास्त आकसतो आणि पोर्सेलिनला चहूबाजूंनी आवळून धरतो. भाजलेल्या मातीला ओढलेलं सोसत नाही, आवळलेलं चालतं. मांडे करायचं खापर आठवा. चुलीवर पालथं घालून त्याच्यावर पुरणपोळी टाकली तर काही होत नाही, पण एक धक्का लागला की तुकडे!

१९७० नंतर सोन्याचे भाव चढले, तेव्हा आतला सांगाडा निकेल-क्रोमियम किंवा कोबाल्ट-क्रोमियम या स्वस्त आणि कणखर मिश्रणांचा होऊ लागला. आजही पुष्कळांच्या तोंडात असेच पूल आहेत आणि वर्षानुवर्षं टिकतात. पण त्यांचेही दोष आहेत. थाळीसारखाच कधी टवका उडतो. हिरडीजवळ धातूची काळसर कड दिसते. पोर्सेलिन खरबरीत राहिलं तर ते काचपेपरसारखं समोरचा दात घासतं. म्हणजे शेजारधर्मात सोन्यापेक्षा ते कमीच.

आणि निकेलबद्दल एक गोष्ट ताई-आईंनी नक्की वाचावी. खोटी कानातली घातली की काहींचे कान खाजतात, चिघळतात. पुष्कळदा त्याला कारण निकेलच असतं. असा त्रास होत असेल तर दात बसवण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. निकेल नसलेलं मिश्रण वापरता येतं.

हे धातू घासणाऱ्या कारागिरांचाही विचार करायला हवा. काही जुन्या मिश्रणांत बेरिलियम असायचं. तोंडात बसल्यावर नव्हे, पण घासताना उडणारी त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरते. म्हणून दातांच्या प्रयोगशाळेत तोंडावर मास्क आणि धूळ ओढून घेणारं यंत्र हवंच.

खोटा हिरा, खरा दात

आता ते १७८९ साल. मार्टिन क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं श्रीलंकेहून आलेल्या झिरकॉन नावाच्या खड्यात एक नवा पदार्थ शोधला. त्याला आज आपण झिरकोनिया म्हणतो. झिरकॉन आपल्याकडंही आहे, केरळच्या चवरा किनाऱ्याच्या काळसर वाळूत.

झिरकोनिया तुम्ही बहुधा पाहिलेलाही आहे! सराफाच्या काचेखाली लखलखणारे 'अमेरिकन डायमंड' म्हणजे झिरकोनियाचे स्फटिक. हिऱ्याची नक्कल करणारा हा पदार्थ आज दाताचीही नक्कल करतो. फरक एवढाच, की दातांसाठी त्याची जडणघडण जरा वेगळी ठेवतात, आणि तिथंच खरी जादू आहे.

काचेला किंवा चिनी मातीला बारीक चीर पडली की ती धावत सुटते. झिरकोनियात तसं होत नाही. यात्रेच्या गर्दीत कुणी मधूनच घुसू लागला, की बाजूची माणसं खांदे रुंद करून त्याला अडवतात, पाहिलंत ना? तसंच चीर पुढं सरकू लागली, की तिच्या टोकाजवळचे स्फटिक आपला आकार बदलून किंचित फुगतात आणि चिरेला दाबून टाकतात. १९७५ साली ही गोष्ट शास्त्रज्ञांनी जगापुढं मांडली. भाजलेल्या मातीच्या कुळातला पदार्थ, पण कणखरपणा पोलादाची आठवण करून देणारा!

झिरकोनियाचा वितळबिंदू २७०० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणून तो मुशीत ओतता येत नाही. मग त्याचा पूल खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून संगणकाच्या यंत्रानं कोरतात, तोही मुद्दाम मोठा, पाचव्या ते चौथ्या हिश्श्यानं. कारण पुढं १५०० अंशांच्या भट्टीत काही तास भाजला की तो आकसतो. ओली कुरडई वाळून लहान होते, तसाच. संगणकानं हिशेब बरोबर केला असेल, तर लहान होऊन तो दातांवर बरोब्बर बसतो.

झिरकोनिया फार कठीण, मग तो समोरचा दात झिजवत असेल, असं तुम्हाला वाटेल. पण आरशासारखा गुळगुळीत केलेला झिरकोनिया पोर्सेलिनपेक्षा समोरच्या दाताला कमी घासतो. कठीण असणं वेगळं, खरबरीत असणं वेगळं.

पण खांबांचं काय?

इतका वेळ आपण पुलाविषयी बोललो. पण पुलाचा भार शेवटी खांबांवरच. आणि टोपी बसवायची म्हणून बाजूचे दोन चांगले दात चहूबाजूंनी एक ते दोन मिलिमीटर घासावे लागतात! दातावरचं कवच, म्हणजे दंतवल्क, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्यातला शेकडा ९६ भाग खनिज आहे. हाड मोडलं तर जुळून येतं. दंतवल्क एकदा गेलं की पुन्हा उगवत नाही. एका दातासाठी दोन दात झिजवायचे, हा प्रत्येक पुलाचा खर्च आहे. तो बिलात लिहिलेला नसतो.

म्हणून दुसरेही मार्ग निघाले. १९६५ साली स्वीडनमध्ये प्रा. ब्रोनेमार्क यांनी पहिल्यांदा एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात उभे केले. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवतं, हे त्यांना प्रयोगात दिसलं होतं. यालाच इम्प्लांट म्हणतात. शेजाऱ्यांना हात लावावा लागत नाही. पण शस्त्रक्रिया हवी, हाड चांगलं हवं आणि पैसेही जास्त.

तुमच्या वयाच्या मुलांना यातलं काहीच सहसा करत नाहीत. जबडा अजून वाढत असतो ना! क्रिकेटचा चेंडू लागून समोरचा दात गेला, तर पुष्कळदा पातळ पंखांचा खोटा दात शेजारच्या दातांना मागून चिकटवतात. शेजारी फारसे घासावे लागत नाहीत. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात या पुलाची सुधारित रीत निघाली, म्हणून त्याला मेरीलँड ब्रिज म्हणतात.

बाजारातला झटपट दात

गावोगावच्या बाजारात, रस्त्याच्या कडेला काही मिनिटांत दात बसवून देणारे असतात. त्यांचं साहित्य बहुधा ॲक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक. ॲक्रिलिक मुळात वाईट नाही. कवळीची गुलाबी हिरडी त्याचीच असते आणि दवाखान्यात तात्पुरता पूलही त्याचाच करतात. पण ते ओलं असतानाच तोंडात थापून, तारेनं शेजारच्या दातांना बांधून टाकलं, की त्याच्याखाली अन्न कुजतं, ब्रश पोचत नाही, हिरडी सुजते आणि धडधाकट खांबही हलू लागतात. स्वस्तात एक दात मिळतो आणि महागात दोन जातात. आपल्या देशात कायद्यानुसार नोंदणी झालेल्या दंतवैद्यानंच हे काम करायचं असतं.

पैशांची अडचण असेल तर दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावं. खानदेशात धुळ्याला अण्णासाहेब चूडामण पाटील स्मृती दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च सहसा कमी येतो. वेळ मात्र जास्त द्यावा लागतो.

तुमच्या तोंडातली चार रत्नं

सोनं, पोर्सेलिन, झिरकोनिया, टायटॅनियम. एकानं टिकाऊपणा दिला, दुसऱ्यानं रंग, तिसऱ्यानं कणखरपणा. पण स्वतःच्या दातासारखं सगळं एकत्र कुणालाच जमलेलं नाही. आणि हा सगळ्यात भारी माल तुम्हाला फुकट मिळालेला आहे!

तो पहिल्यांदा कुठं वाया जातो, ठाऊक आहे? साधारण सहाव्या वर्षी सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागं चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी कुठला दात पडत नाही, दुखत नाही, त्यामुळं त्या आल्याचं घरात कळतही नाही. त्यांना कीड लागली तर 'दुधाची दाढ आहे, पडेल' म्हणून सोडून देतात. ती दुधाची नसते. ती गेली तर परत येत नाही. पुढं मोठेपणी जिथं पूल बांधावा लागतो, ती जागा पुष्कळदा हीच असते.

तेव्हा आज रात्री ब्रश करताना आई-बाबांना विजेरी धरायला सांगा आणि धाकट्या भावंडांच्या त्या दाढा मोजा. काळा ठिपका दिसला तर दुखेपर्यंत थांबू नका. आणि आजी मशेरी लावत असेल तर तिलाही आरसा दाखवा. तंबाखूनं हिरड्या खचतात, आणि खचलेल्या खांबांवर कुठलाच पूल उभा राहत नाही, मग तो सोन्याचा का असेना!

करून पाहा

प्लॅस्टिकची ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. पुस्तकांच्या दोन चळती एकमेकींपासून १० सेंटिमीटरवर ठेवून पट्टी त्यांच्यावर आडवी ठेवा. मधोमध दोऱ्यानं खड्यांची छोटी पिशवी टांगा. पट्टी किती वाकली? आता चळती २० सेंटिमीटर दूर करा, पिशवी तीच. पट्टी दुप्पट नव्हे, सुमारे आठपट वाकते! म्हणून एका दाताचा पूल सोपा आणि ओळीनं तीन-चार दातांचा अवघड. आता पट्टी कडेवर उभी धरून पाहा. जवळजवळ वाकतच नाही. दंतवैद्यही पुलाचे जोड शक्य तितके उंच ठेवतात, ते याचसाठी.

आई-बाबांसाठी : दात बसवण्याआधी विचारा

१. आतला धातू कोणता? त्यात निकेल आहे का?
२. शेजारचे दात किती घासावे लागतील? न घासता काही होईल का?
३. समोरचा दात झिजणार नाही ना?
४. पुलाखालची जागा रोज कशी स्वच्छ करायची?